डाव्या डोळ्याचं पाणी

मुलांनो, कल्पना करा... आवडीचा पदार्थ समोर आहे, मन खुशीत आहे, आणि पहिल्या घासाबरोबर एकाच डोळ्यातून घळाघळा पाणी येतंय.

अनुपमाचं तसंच व्हायचं. चेहऱ्याचा लकवा बरा झाला, पण तोंडात लाळ आणणारी नस वाट चुकून डाव्या डोळ्याच्या अश्रुग्रंथीशी जोडली गेली. जेवायला बसलं की डोळा वाहायचा. म्हणून आखातात, जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात ती पॅन्ट्रीच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून जेवायची.

नव्याने आलेल्या डेरिकने ते पाहिलं आणि डबा घेऊन तो समोर बसला.

"घरची आठवण येते, मॅडम?"

नस, ग्रंथी... कुठे सांगत बसणार? "हं," ती म्हणाली.

"मलाही येते. सँड्राची... माझी बायको. गेली ती." मग जरा हसून, "वसईच्या बोंबलांची चटणी घ्या. रडायचंच, तर निमित्त तरी चांगलं हवं."

ती हसली. डोळा आणखीच वाहिला.

मग रोज तो समोर बसायचा. सँड्राबद्दल बोलायचा, त्याच्या लेकीबद्दल, म्हणजे ट्रेसीबद्दल बोलायचा. मध्येच थांबायचा – आणि अनुपमाच्या ओल्या गालाकडे बघत राहायचा...

डॉक्टरांनी अश्रुग्रंथीत बोटॉक्सचं इंजेक्शन सुचवलं होतं. काही महिने पाणी थांबलं असतं. "नेक्स्ट मंथ," ती म्हणत राहिली. डोळा कोरडा झाला तर डेरिक कशाला येईल?

पण त्याचं खरं दुःख ऐकताना तिला स्वतःच्या त्या पाण्याची लाज वाटू लागली. तिने इंजेक्शन घेतलं. डोळ्याचं पाणी थांबल्यावर एका रविवारी तिने बापलेकीला अल मनखूलला घरी जेवायला बोलावलं.

"आज डोळे कोरडे?" डेरिक खुशीत म्हणाला. "माझी कंपनी लागू पडली म्हणायची."

"इंजेक्शन लागू पडलं," ती म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. "तुम्ही मला आवडता, डेरिक. म्हणून गप्प राहिले."

त्याने ताट बाजूला सारलं. "मला वाटायचं, आपण दोघं रडतोय. मी एकटाच रडत होतो तर."

"तुमचं ऐकताना मी—"

"खलास, मॅडम." तो उठला. "ट्रेसी, यल्ला, चल. शूज घाल."

"बट डॅडा, आय हॅवन्ट फिनिश्ड..."

तो दार उघडून उभा राहिला. ट्रेसीने एक बूट चढवला. बापाकडे पाहिलं. टेबलाशी मान खाली घालून बसलेल्या अनुपमाकडे पाहिलं. मग बूट काढून ठेवला, परत आली आणि अनुपमाशेजारची खुर्ची ओढून बसली.