राणीची जागा

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. मी स्वतः तिथे होते. हातात स्टॉपवॉच होतं.

शनिवार, २२ फेब्रुवारी २०२५. दुपारचे चार. सातपूरमधला कामगारांचा छोटा हॉल.

माझी सुधामावशी नाशिकच्या एका कॉलेजात तीस वर्षं प्रबोधनकाळातली इंग्रजी नाटकं शिकवायची. निवृत्त झाल्यावर तीच नाटकं मराठीत करून ती कारखान्यातल्या लोकांबरोबर वाचायची. चारशे वर्षांपूर्वीच्या नटांच्या पद्धतीने. प्रत्येकाच्या कागदावर फक्त स्वतःची वाक्यं आणि आधीच्या माणसाचे शेवटचे तीन शब्द. पूर्ण नाटक कुणाकडेच नाही.

डिसेंबरमध्ये मावशी गेली. सगळ्यांचे कागद मिळाले. राणीचे, म्हणजे तिचे स्वतःचे, मिळाले नाहीत. तिचं शेवटचं भाषांतर अर्धवट राहणार होतं.

निदान उरलेलं रेकॉर्ड करू, असं ठरलं. मूळ इंग्रजीवरून मी राणीच्या जागा काढल्या. तिथे पाच सेकंद थांबायचं.

"आपला नंबर आला की बोलायचं, नाहीतर गप्प," टर्नर धनराजभाऊ म्हणाले. "घरी तेच करतो."

"घरी येतो का तुमचा नंबर?" पॅकिंगमधल्या सविताताई म्हणाल्या. सगळे हसले.

वाचन सुरू झालं.

राणीची पहिली जागा आली. मी बटण दाबलं.

पाच सेकंद... सात... अकरा...

मग धनराजभाऊ बोलले.

पुढच्या जागेला सविताताई तेवीस सेकंद थांबल्या. मान किंचित कललेली. कुणाचं ऐकताना होते तशी.

मला काहीच ऐकू येत नव्हतं. डोक्यावरचा पंखासुद्धा.

पंखा फिरत होता...

"पाच सेकंद ठरलं होतं ना?" मी विचारलं.

"मॅडमचं वाक्य संपायला नको का, ताई?" धनराजभाऊ म्हणाले.

मी पेन उचललं. "काय म्हणाली ती?"

दोघांनी कागदावरचे तीन-तीन शब्द सांगितले.

"त्याच्या आधीचं?"

"ऐकलं की," सविताताई पुटपुटल्या. "पण... लक्षात राहिलं नाही."

मग कुणी हसलं नाही. वाचन पुढे गेलं.

नाटकातलं शेवटचं भाषण राणीचं आहे. त्यानंतर कुणीच बोलत नाही. त्यामुळे ते कुठे संपतं, हे कुणाच्याच कागदावर नाही.

सगळे ऐकत बसले.

सहा मिनिटं... वीस... एक्केचाळीस...

फोन वाजले. कुणी उचलले नाहीत.

शेवटी मी एकेकाला दंडाला धरून उठवलं आणि कुलूप लावलं.

धनराजभाऊ आता दर शनिवारी त्या बंद दारापाशी पायरीवर बसतात. गेल्या आठवड्यात मी गेले होते.

"भाऊ, अजून चालू आहे?"

त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला... थांब म्हणून.

मी थांबले नाही.