पाठमोरी खुर्ची

दार ओढायचं की ढकलायचं हे बघायचंच नाही, सरळ खांदा लावायचा, ही तिची जुनी खोड. त्या दुपारी आत्याच्या दुकानावरच्या हॉलचं दार तिने असंच आतून ढकललं, आणि पलीकडून कुणीतरी "अरे, अरे—" म्हणालं. मग वाटाण्याचं पोतं फुटावं तसा आवाज जिन्यावरून खाली खाली जात राहिला.

बाहेर एक उंच, चष्मा लावलेला माणूस हातात रिकामा ट्रे धरून उभा होता. त्याच्या पायाशी, पायऱ्यांवर, पार वळणापर्यंत करड्या-निळ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा सडा पडला होता.

"काय होतं हे?" तिने विचारलं.

"अंतराळयान," तो म्हणाला. "आत्ता-आत्तापर्यंत."

"स्पर्धेचं?"

"हो. दुसरं कशाला कोण एवढं जपून आणेल?"

तिने डोळे मिटून घेतले. "मग एक सांगायलाच हवं... परीक्षक मी आहे."

त्याने ट्रे काखेत मारला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "कमाल आहे. बाकीच्यांचं परीक्षण संध्याकाळी, आणि माझं जिन्यातच उरकलंत."

खरं तर त्याने चिडायला हवं होतं. तो हसला, आणि पंचाईत तिथेच झाली. चिडलेल्या माणसाची माफी मागून मोकळं होता येतं, हसणाऱ्याचं काय करायचं? ती पायरीवर बसली आणि ठोकळे वेचू लागली.

आत्याचं खेळण्यांचं दुकान होतं. वर्षातून एकदा ती मोठ्या माणसांसाठी ठोकळ्यांच्या यानांची स्पर्धा ठेवायची. 'लहानांना काय, रोजच खेळायला मिळतं,' हे तिचं म्हणणं. यंदा परीक्षक मिळेना, तेव्हा तिने भाचीला धरून आणलं. भाची पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात खोकी आखायची आणि आखलेलं प्रत्येक खोकं खांद्याइतक्या उंचीवरून स्वतः आपटून बघायची. ज्याला फुटायचंय त्याने माझ्यासमोर फुटावं, गिऱ्हाइकाच्या दारात नको, असा तिचा हिशोब. कारखान्यात सगळे तिला खोकीवालीच म्हणत.

तो दातांचा डॉक्टर निघाला. त्याच्या बोटांना लवंगेच्या तेलाचा मंद वास होता, आणि एकच ठोकळा उचलायला दोघांचे हात एकदम गेले तेव्हा तो वास तिच्याही बोटांना लागला. तिने हात मागे घेतला... जरा उशिराच.

"डॉक्टरांना खेळायला वेळ मिळतो?"

"खेळ नाही, गरज आहे. माझा पेशंट आ करून आडवा पडतो आणि वर बघतो. वर काय, तर छत आणि माझं नाक. हे यान खुर्चीच्या वर टांगणार आहे. माणसाचं लक्ष तिकडे गेलं की माझं निम्मं काम होतं."

"आणि उरलेलं निम्मं?"

"खोटं बोलून. 'अजिबात दुखणार नाही' — दिवसभर हेच सांगत असतो मी."

ती खळखळून हसली. असं हसून किती दिवस झाले होते, ते तिचं तिलाच आठवेना.

दोघं तिथेच बसून यान पुन्हा जोडू लागले. पोट त्याने उभं केलं, पंख तिने. तो सांगत होता, ती ठोकळे बसवत होती, आणि बोलण्याच्या नादात पुढच्या कक्षातल्या दोन छोट्या खुर्च्याही तिनेच बसवल्या. मग त्याने पोट आणि पुढचा कक्ष यांच्यामधली यानाची लांब, बारीक मान जोडली. ती बघताच तिच्या हातातलं काम थांबलं. मानेत सांध्यावर सांधा आला होता. भिंत बांधणारा गवंडीसुद्धा विटांचे सांधे एकावर एक येऊ देत नाही. ही मान एका हिसक्याने मोडणार हे तिला लख्ख दिसत होतं.

"कसं वाटतंय? खरं सांगा हं," तो म्हणाला.

तोंडापर्यंत आलं होतं. पण त्याच्या जोडीला आणखी एक वाक्य आठवलं. ज्याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं, त्याने ते मोडताना म्हटलेलं — 'तू माणसांनाही खोक्यासारखी आपटून बघतेस.' दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. आणि हा माणूस तर नुकताच... नुकताच काय, हे तिने स्वतःलाही सांगितलं नाही.

"छान आहे," ती म्हणाली आणि तिने पुढचा ठोकळा उचलला.

संध्याकाळी हॉल भरला. तिने आत्याला बाजूला घेऊन सांगितलं, "त्या निळ्या यानाला माझा हात लागलाय, गुण मी देणार नाही."

"गुण मी देईन. उडवायचं मात्र तूच," आत्या म्हणाली. तो तिच्या स्पर्धेचा नियमच होता. यान पोटाखालून धरायचं, हॉलभर उडवत एक फेरी मारायची आणि शेवटी नाक खाली करून एक हिसका द्यायचा. यान शोकेससाठी नसतं, उडायला असतं, असं आत्या म्हणे.

तिने त्याचं यान पोटाखालून धरून उचललं. तो समोरच उभा होता, हाताची घडी घालून. तिने फेरी मारली आणि ती टेबलापाशी आली. हिसका हलका द्यायचा, कुणाला कळणारही नव्हतं. मग तिला ती दवाखान्यातली खुर्ची आठवली. आडवा पडलेला कुणीतरी, मिटू न शकणारं तोंड, आणि बरोबर वर टांगलेली ही मान.

तिने नाक खाली केलं आणि सगळ्यांना दिला तसाच हिसका दिला.

मान मोडली. पुढचा कक्ष टेबलावर पडला आणि मानेचे ठोकळे चहूकडे उडाले.

"सांध्यावर सांधा आलाय," ती म्हणाली. "आणि... हे मला दुपारीच दिसलं होतं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ठोकळे ट्रेमध्ये गोळा केले, ट्रे उचलला आणि बाहेर गेला. दार हळूच लागलं. झालं, तिला वाटलं. हेही झालं. उरलेली यानं तिने उडवली, एका निवृत्त शिंप्याच्या लाल यानाला पहिलं बक्षीस मिळालं, तिने टाळ्याही वाजवल्या. मन मात्र दाराबाहेर गेलं होतं.

सगळं आवरून तिने दार उघडलं. या वेळी जपून. तो त्याच पायरीवर बसला होता, मांडीवर यान घेऊन.

"अहो... तुम्ही गेला नाहीत?"

"मान जोडतोय. सांधे चुकवून. या, बघा."

ती शेजारी बसली. त्याने यान तिच्या हातात दिलं. तिने दोन बोटांत धरून मान वाकवून पाहिली. पक्की होती.

"रागावलात ना?" तिने विचारलं.

"रागावलो. मोडलीत म्हणून नाही, दुपारी 'छान' म्हणालात म्हणून. ते वाक्य मी दिवसभर लोकांना ऐकवत असतो. मला स्वतःला कुणी खरं सांगणारं हवंय."

"खरं ऐकून लोक निघून जातात."

"मी पायरीवरच बसलोय की."

डोळे भरून आले म्हणून तिने मान खाली घातली, आणि तेव्हा तिला ते दिसलं. पुढच्या कक्षातली एक खुर्ची खिडकीकडे तोंड करून होती. दुसरी पाठमोरी, पहिलीकडे तोंड करून.

"ही खुर्ची उलटी बसलीय."

"दुपारी तुम्हीच बसवलीत. बोलता बोलता."

"तुम्हाला दिसलं होतं?"

"लगेच."

"मग सांगितलं का नाही? वर मला खरं बोलायला शिकवताय."

तो चष्मा पुसू लागला. पुसून झाला तरी पुसतच राहिला. "आधी दोन्ही खुर्च्या नाकासमोर तोंड करून होत्या. लांबचा प्रवास, आकाश किती बघणार? समोर कुणीतरी असावं असं वाटलं... तू असावीस असं. आज दुपारपासून वाटतंय. हे खरं आहे, दुखलं तर सांग."

अहो-जाहो कुठल्या पायरीवर गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

तिने बोट पुढे केलं. उलटी बसलेली वस्तू सरळ केल्याशिवाय तिला आजवर कधी चैन पडली नव्हती. बोट खुर्चीपर्यंत गेलं, क्षणभर टेकलं.

"चूक आहे ती," ती म्हणाली. "पण राहू दे. ती बघते तिकडे तू आहेस."