गुडघाभर पाणी

बोट बंद होऊन आज चौथा दिवस. समुद्र खवळलाय, बेटावर एकही पाहुणा नाही, म्हणून तुम्ही भाचेमंडळी माझ्या पडवीत पाय पसरून बसलात. नाहीतर म्हाताऱ्या मामाकडे कोण फिरकतंय!

बरं, पाहुणे फिरवायला नवी गाडी घेताय, तर एक सांगून ठेवतो. लेकुरवाळे पाहुणे बोटीतून उतरले की पहिला प्रश्न ठरलेला, ‘मुलांना कुठे न्यावं?’ तुमचं उत्तरही ठरलेलं असू द्या. सकाळी काचेच्या तळाची होडी, मग कासवांचं तळं, ऊन तापलं की लाईटहाऊसची सावली. आणि दुपार कलली की गुडघाभर.

गुडघाभर तुम्ही लांबूनच पाहिलंय. खडकांनी वेढलेलं ते पाणी, भरती असो की ओहोटी, गुडघ्याच्या वर चढत नाही. पाहुण्यांची पोरं तिथे मनसोक्त डुंबतात. आपलं एकही पोर जात नाही. का, ते मला विचारू नका. आमच्या बापानं पाठीत धपाटे घालून आम्हाला बजावलं, आम्ही तुम्हाला बजावलं. पाहुण्यांनाही अंधार पडायच्या आत बाहेर काढायचं, एवढं पाळायचं.

आता सांगतो ते माझ्या साडूचं. त्याचीही पाहुणे फिरवायचीच गाडी. मी थापा मारतोय असं वाटलं, तर उद्या त्याच्या घरी जाऊन स्वतः बघा.

गेल्या वर्षी शाळांना सुट्टी लागली, त्यानंतरचा पहिला शनिवार. अमावस्या होती. रात्री साडेनऊला साडू जेवून हात धुत होता, तेवढ्यात फोन वाजला. दुपारी ज्या कुटुंबाला गुडघाभरला नेलं होतं, त्यातल्या बाई.

“अहो, आमच्या बाळाची पोहायची ट्यूब तिथेच राहिली. पिवळी, बदकाच्या तोंडाची. तिच्याशिवाय तो झोपत नाही.”

“सकाळी आणून देतो ना, मॅडम.”

“सकाळी आमची बोट आहे. आत्ता आणा. नाहीतर मोबाईलवर असं काही लिहीन, की तुमच्या गाडीत पुन्हा कुणी बसणार नाही.”

साडूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुण्यांचा त्याला तसाही तिटकारा. एवढंसं पोर आणि त्याचे सतरा लाड! त्याची स्वतःची आठ वर्षांची लेक आत शहाण्यासारखी झोपली होती. लग्नानंतर दहा वर्षांनी झालेली, तीच एक. बायकोला ‘आतून कडी लाव, आलोच’ म्हणाला आणि त्या बाईंचा उद्धार करत निघाला.

रस्त्यावर गाडी लावून तो खडकांतून खाली उतरला. वारा पडला होता. त्याने बॅटरी मारली. ट्यूब पाण्यात होती, बरोबर मधोमध. पँट दुमडून त्याने एक पाय आत घातला. पाणी कोमट होतं.

ट्यूब जराही हलत नव्हती. आणि पाण्यात दबलेली होती… आत कुणी बसल्यासारखी.

आत कुणी नव्हतं.

तो थांबला.

ट्यूब वळली. सावकाश. बदकाचं तोंड त्याच्याकडे झालं.

“रोज दुसऱ्यांची आणतोस.”

लहान मुलाचा आवाज. लाडात आलेला.

“तुझी कधी आणणार?”

…

दिवा मोठा करू नका रे. राहू दे तसाच.

साडू मागे फिरून पळाला. बॅटरी तिथेच पडली. गाडी घरापर्यंत कशी आणली, ते त्याला आजही आठवत नाही. दार ठोठावलं. बायकोनं कडी काढली.

“पोरगी कुठाय?”

“झोपलीय की. तुम्हाला काय झालं?”

तो आत धावला. लेक पांघरूण घेऊन झोपली होती. श्वास संथ चालू होता. त्याला रडूच कोसळलं. डोळे पुसत त्याने तिला कुशीत घ्यायला पांघरूण सारलं.

तिच्या कमरेला पिवळी ट्यूब होती.

दोन वर्षांच्या मुलाच्या मापाची. वरून खांद्यांतून उतरायची नाही, खालून चढायची नाही. इतकी घट्ट, की बोट शिरेना. बूच निघेना. शेवटी त्याच्या बायकोनं सुरी आणून ती आरपार चिरली. पोरगी जागी झाली नाही. झोपेतच म्हणाली,

“बाबा, मला कधी नेणार?”

त्या बाईंना सकाळी निरोप गेला, ट्यूब सापडली नाही. त्याच बोटीतून नवं कुटुंब उतरलं. बापाच्या कडेवर पोर. विचारलं, “मुलांसाठी इथे चांगलं काय आहे?” साडूनं होडी सांगितली नाही, कासवं सांगितली नाहीत.

“आधी गुडघाभरला चला,” म्हणाला.

तेव्हापासून रोज कुणाचं तरी पोर नेतोच. दिवसा कुणाला काही झालेलं नाही. अजून तरी. मी एकदा त्याला म्हणालो, “अरे, दुसऱ्यांची लेकरं ती!” तर माझ्यावरच डोळे वटारले. “मग माझी नेऊ?” याचं उत्तर तुम्हाला सुचत असेल तर सांगा.

…

काल संध्याकाळी त्याच्याकडे गेलो होतो. तीन दिवस बोट आली नव्हती, गुडघाभरला कुणी गेलं नव्हतं. लेकीला मांडीवर घट्ट धरून बसला होता. नुसतं खुंटीकडे बोट दाखवलं. ती ट्यूब तिथेच असते, टाकून द्यायचा त्याला धीर होत नाही. मी जवळ गेलो. सुरीची चीर हातानं चाचपून पाहिली. तशीच होती, आरपार.

आणि ट्यूब हवेनं टम्म फुगलेली होती.