मनगट सोड

घड्याळजी किल्ली मागायला गेला तो भर दुपारी, दुकान तासभर बंद ठेवून. बाहेर धुकं इतकं दाटलं होतं की समोरच्या दुकानाची पाटीही दिसत नव्हती.

त्याचे गिटारचे मास्तर जाऊन वर्ष झालं होतं. माडीवरची त्यांची शिकवणीची खोली तेव्हापासून बंदच होती. मास्तरांच्या लेकीनं किल्ली हातात ठेवली. "वाजवा दादा, खुशाल. पण रविवारचं जमतंय का?"

रविवारी घड्याळजीच्या जॅझ बँडचा कार्यक्रम होता. त्यात शेवटच्या जलद गाण्यात गिटारचा एकट्याचा तुकडा होता आणि तिथंच घड्याळजीची गाडी दर वेळी रुतायची. बास वाजवणाऱ्या मेहुण्यानं स्पष्टच सांगितलं होतं, "दाजी, या खेपेला अडलात तर तो तुकडा पियानोला. राग मानू नका." राग कसला मानणार? पण त्या तुकड्यासाठी बिचारा दोन वर्षं झुरत होता.

खोट हातात नव्हती, धंद्यात होती. जन्मभर चिमटा घट्ट धरून बारीक स्क्रू उचलले, त्यामुळे तारा छेडायची नखाएवढी पिकही तो तशीच आवळायचा. मग मनगट आखडायचं आणि वेग वाढला की हाताचं लाकूड व्हायचं. मास्तर चिडवायचे, "अरे, पिक आहे ती, दुखरा दात नाही उपटायचाय. मनगट सोड!"

खोलीत निलगिरीचा वास होता. मास्तर गुडघ्यांना ते तेल चोळायचे. पण वर्षभर टिकतो का वास? फळीवर ठोके देणारा त्यांचा लाकडी मेट्रोनोम होता. घड्याळजीनं चावी दिली, तर ती नुसतीच गरगरली. राहवलं नाही, मागचं झाकण उघडलंच. आत स्प्रिंगचे दोन तुकडे. त्यानं झाकण लावलं आणि वाजवायला बसला. खाली, वर, खाली, वर… चौथ्या ओळीला बोटं आवळलीच.

टक्… टक्… टक्…

मेट्रोनोमची दांडी डोलत होती. ती डोलणं शक्य नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

"मास्तर…?"

उजव्या मनगटावर दोन बोटं टेकली. बर्फासारखी गार… आणि ओळखीची.

तुम्ही-आम्ही असतो तर तीन ढांगांत जिना उतरलो असतो. तोही उठणारच होता. पण त्या बोटांनी नेहमीसारखं हलकेच दाबलं आणि मनगट सुटलं. पिकचं नुसतं टोक तारेला लागू लागलं. वर जाताना जेवढं, खाली येताना तेवढंच. चौथी ओळ गेली, पाचवी गेली, अख्खा तुकडा अडखळल्याशिवाय पार पडला. भीती कुठल्या कुठे पळाली आणि घड्याळजी लहान पोरासारखा खदखदून हसला. आठवडाभर मग रोज दुपारी दुकानाला कुलूप.

रविवारी सभागृह गच्च भरलं होतं. तुकडा आला तसा निलगिरीचा वास आला. सूर नुसते घरंगळत सुटले, प्रत्येक टणत्कार स्वच्छ, सुटा. पहिल्या रांगेत बायको मांडीवर ताल धरून बसली होती. टाळ्या थांबेनात. आनंदानं घड्याळजीचे डोळे भरून आले.

मेहुणा कानाशी लागला. "दाजी, कमाल केलीत! पण पिक का टाकून दिलीत?"

"कधी?"

"सुरुवातीलाच पडली की. ती काय, माझ्या बुटापाशी."

पिक खरंच तिथं पडली होती. घड्याळजीनं आपला हात डोळ्यांसमोर धरला. अंगठा आणि तर्जनी जवळ आणली… टेकेनात. मध्ये पिकच्या जाडीएवढी फट राहत होती. त्या फटीत काहीतरी गार होतं.

"पुन्हा एकदा! पुन्हा एकदा!" लोक ओरडू लागले. मेहुणा पिक उचलायला वाकला.

"राहू दे," घड्याळजी हळूच म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. "धरलीये की…"