सासूच्या लुगड्यांची वाकळ

भाट्याच्या वाटेनं तुळसा काखोटीला बोचकं मारून चालली होती, तोच वरून चुन्याचा टपोरा थेंब तिच्या गालावर पडला. तिनं मान वर केली. शिडीवर हरिश्चंद्र. हातात कुंचा, केसांत चुना आणि तोंडावर चोरी पकडलेल्या पोराचं हसू.

"भिंत तिकडे आहे हो!"

"भिंतीकडे बघत होतो तोवर सगळं नीट चाललं होतं..."

"मुंबईत हेच शिकवतात वाटतं?"

"मुंबईत बघण्यासारखं असतंय काय?"

गाल पुसत ती पुढे निघाली खरी, पण हसू काही पुसता येईना.

हरिश्चंद्र मुंबईला गिरणीत होता. त्याची आई मागच्या पावसाळ्यात गेली, तेव्हापासून घर बंद. आता रजा काढून, आगबोटीनं येऊन तो ते उजळायला बसला होता. एके सकाळी आईची लुगडी छातीशी धरून तो तुळसाच्या दारात उभा राहिला. तुळसाच्या हातच्या वाकळी अर्धी वाडी पांघरायची, तरीही तिची काशीकाकी कांडता कांडता थांबली. वाडीचा रिवाजच तसा होता. गेलेल्या सासूच्या लुगड्यांची वाकळ सुनेनंच शिवायची, तीही सासरच्या पडवीत बसून. परक्या बाईनं त्या लुगड्यांना सुई लावायची नाही.

पदराचं टोक बोटाला गुंडाळत तुळसानं विचारलं, "ही कुणी शिवायची असतात... ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे," तो हळूच म्हणाला. "म्हणून तर तुझ्याकडे आणली."

काकीनं संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या वाडीला सांगून टाकली.

मग तुळसा त्याच्या पडवीत बसू लागली. लुगड्यांना अजून कापराचा वास होता. ती टाके घालायची, तो भिंती रंगवायचा, आणि दोघांचं काम निम्म्यानंच व्हायचं.

"चुलीमागे पांढरा नको हो, धुरानं काळा पडेल. तिथं तांबडी काव लावा."

"बरं, मालकीणबाई."

"मालकीण कोण?"

"चुलीमागचं जिला कळतं ती!"

सुई बोटात शिरली तेव्हा त्यानं कुंचा टाकून तिचं बोट धरलं. चुन्यानं ते चुरचुरलं, तरी तिनं सोडवून घेतलं नाही.

वाकळ निम्मी झाली आणि खेडहून त्याचे मामा आले. खळ्यात पाय धुता धुताच म्हणाले, "सुपारी फोडून आलोय, हरिश्चंद्रा. मुलगी चांगली आहे. पाऊस लागायच्या आत उरकून टाकू." मग त्यांची नजर पडवीकडे गेली. "ही कोण रे?"

तुळसाचा टाका अर्ध्यावर थांबला. आता तो बोलणार... आता...

"ही? ही वाडीतलीच. वाकळी शिवते."

थोड्या वेळानं ती उठून मागच्या दारी गेली, तसा तोही मागोमाग आला. डोळे भरलेले. "मामांनी लहानाचं मोठं केलं गो मला. त्यांच्यापुढे नाही म्हणवत नाही. पण जीव तुझ्यावरच —"

"जीव राहू दे," ती म्हणाली. "जीभ कुठं गेली ते सांगा."

तुळसा आत गेली, वाकळ उचलली आणि मामांसमोर बाजल्यावर पसरली. अर्ध्या भागावर टाक्यांच्या बारीक ओळी, अर्धी नुसती लुगडी.

मामा वाकून बघू लागले. "हात छान आहे गो तुझा. पण अर्धवट का सोडलीस?"

"सासूच्या लुगड्यांना सुई सुनेनं लावायची, आमच्या वाडीचा रिवाज आहे," तिनं शांतपणे सांगितलं. "अर्धीच सून झाले होते मी, मामा. बाकीची खेडची शिवील."

मामांनी भाच्याकडे बघितलं. भाचा दाराशी, हातावरचा वाळलेला चुना नखानं खरवडत होता.

तुळसा पायरीवर जराशी रेंगाळली. एक हाक... नावाची नुसती एक हाक पुरे होती. माडांमागून समुद्राची गाज तेवढी येत राहिली. मग तिनं पदर खोचला आणि पायऱ्या उतरून, तिला बघायला जिची सगळी दारं उघडी होती, त्या वाडीतून मान खाली न घालता चालत गेली.