एकशे सतरावं पान

या, असे जवळ या... मागं राहिलात तर शब्द हवेत विरून जातील, पुढं सरका, लेकराबाळांना मांडीवर घ्या. आज पुराणातली कथा नाही, आपल्या पांढरकवड्यातलीच एका माउलीची सांगायची आहे. मध्ये डोळे भरून आले तर येऊ द्या, पण शेवटी टाळी वाजवायला दोन्ही हात मोकळे ठेवा!

भर दुपारची वेळ होती. नागपूरकडं जाणाऱ्या ट्रकांचा आवाज घरापर्यंत येत होता, आणि ओसरीत नानाजींच्या समोर प्रेरणा नावाची एक तरुण इंजिनीअर बसली होती. जुन्या विमानांच्या एका संग्रहालयातून ती शोधत शोधत आली होती. नानाजींनी उमेदीची वीस वर्षं वायुदलात विमानांचे रेडिओ दुरुस्त करण्यात घालवलेली, मग गावात रेडिओ-टीव्हीचं दुकान चालवलेलं.

"आजोबा, एक जुनं मालवाहू विमान आम्ही पुन्हा उभं करतोय," प्रेरणा सांगत होती. "दिवे लागले, पंखे फिरले, पण रेडिओ मुका आहे. त्याचं दुरुस्तीचं पुस्तक देशभर धुंडाळलं. तुमच्या तुकडीतले जुने लोक म्हणाले, असेल तर नानाजींकडं असेल."

नानाजींचा चेहरा दगडासारखा झाला.

"होतं. सुट्या पानांचं, दोनशे चौदा पानं. खात्यानं बाद केलं तवा पावतीसकट आणलतं म्या. आता थे कोठी गेलं, हे आत चुलीपाशी एक बाई राह्यते, तिले विचारा."

एक बाई! बेचाळीस वर्षं जिनं संसाराची सोबत केली, ती एक बाई!... आत भाकरी थापणाऱ्या मैनाबाईचा हात परातीतच थांबला. नऊ वर्षं नवरा तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता. जेवायला बसल्यावर मीठ हवं असलं तरी तो सुनेकडं बघून म्हणे, "सुरभी, सांग तिले." आज परक्या माणसासमोर तिचा उल्लेख झाला, तोही असा! पण माउली रडली नाही. तिच्या काळजात वेगळंच काहीतरी धडधडत होतं... ज्या घडीची ती नऊ वर्षं वाट बघत होती, ती घडी दारात येऊन बसली होती, आणि तिची झोळी मात्र एका पानानं रिकामी होती!

नऊ वर्षांपूर्वी असं झालं होतं. मुलाचं, कपिलचं, लग्न आठ दिवसांवर आलेलं. नानाजी हृदयाच्या दुखण्यानं नागपूरच्या दवाखान्यात. घराला चुना मारायचा म्हणून कपिलनं खोली रिकामी केली आणि नानाजींच्या हिरव्या पेटीतले पिवळे पडलेले कागद रद्दीवाल्याच्या गाडीवर टाकून दिले. नानाजी घरी आले, पेटी उघडली, आणि रिकाम्या तळावर हात फिरवला.

"कोनं देल्ले?"

कपिलचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना धक्का सोसायचा नाही. बापलेकाची कायमची ताटातूट होणार, मांडव पडण्याआधीच घर मोडणार... मैनाबाई पुढं झाली.

"म्या देल्ले. रद्दी वाटली मले."

नानाजींनी तिच्याकडं बघितलं, आणि ते बघणं तिच्या अंतःकरणात रुतून बसलं. "त्यातलं एक पान जरी नसलं नं, तरी यंत्र मुकंच राह्यते. तू तं समदंच देलं. आता तुह्यासाठी मीबी मुका."

त्या दिवशी ओठ मिटले, ते मिटलेच.

पण देवाची करणी बघा! तीन आठवड्यांनी केळापूरच्या जगदंबेच्या देवळात कीर्तन झालं, सेवादास महाराजांनी आरती केली, आणि मैनाबाईच्या ओंजळीत फुटाणे-साखरेची पुडी पडली. पुडी उलगडते तो काय... आत तारांचं बारीक चित्र, कोपऱ्यात आकडा, आणि कडेला नानाजींच्या पेन्सिलीचं अक्षर! प्रसाद हातातच राहिला, देवीपुढं ती ढसाढसा रडली. फुटाणे विकणाऱ्या भीमराजच्या दुकानात धावत गेली, तर रद्दीच्या ढिगात एकशे तीस पानं सापडली. बाकीची शिरणीच्या, म्हणजे प्रसादाच्या, पुड्या होऊन तालुकाभर गेली होती.

तेव्हाच ती परत आणून द्यायची, असं तुम्ही म्हणाल. पण अर्धं पुस्तक घेऊन कोणत्या तोंडानं जायचं? आणि ते सापडलं कुठं, टाकलं कुणी, हे भीमराजच्या दुकानातून बाहेर पडायला कितीसा वेळ! तिनं देवीपुढं मनाशी गाठ बांधली, पुस्तक पुरं होईल त्या दिवशीच यांच्यापुढं ठेवीन.

मग काय... जिथं कीर्तन तिथं मैनाबाई! आरती संपली की महाराज स्वतः सांगायचे, "माउली हो, कोणापाशी तारांच्या नकाशाचा कागद असंल, तर या मायले द्या. पुन्य भेटंल!" लोक हसत, पण आणूनही देत. एक पान शाळेच्या वहीला कव्हर म्हणून निघालं, एक तिखटाच्या डब्याखाली, एक फुटक्या खिडकीच्या काचेवर. बंजारा तांड्यावरच्या रुपीबाईनं तर देवीच्या तसबिरीमागं चिकटवलेलं पान ओल्या फडक्यानं अख्खी दुपार भिजवून, नखानं हळूहळू सोडवून दिलं. मैनाबाई संकोचली, तेव्हा ती म्हातारी म्हणाली, "घे याडी, घे माय! माही देवी काय कागदाच्या टेक्यानं उभी हाये?"

इंग्रजी मैनाबाईला येत नव्हतं, आकडे येत होते. तेलाचा डाग पिठानं टिपायचा, चुरगळलेलं पान पाट्याखाली दाबायचं, कसर लागू नये म्हणून वेखंडाची पूड भुरभुरायची, आणि लाल फडक्यात बांधून स्वतःच्या लग्नाच्या पेटीत ठेवायचं. घरात बोलणी खायची ती वेगळीच, तीही नानाजींच्या पाठीमागं, कारण तिचं नाव निघालं की ते उठून जात!

"कीर्तनाले जाता का कागद वेचाले, आई?" सुरभी फणकारायची. "बाया हासून राह्यल्या मले. म्हनते, तुही सासू कागदवेची!"

कपिल ताटात मान घालून जेवत राहायचा. एकच घास तो पुन्हा पुन्हा कुस्करायचा, ते फक्त आईला दिसे.

सहा वर्षांत दोनशे तेरा पानं झाली. उरलं एक... एकशे सतरावं! त्या एकासाठी पुढची तीन वर्षं ती महागावपर्यंत फिरली. पान काही मिळालं नाही.

आणि आज प्रेरणा ओसरीत बसली होती. मैनाबाईनं हात धुतले, लाल गाठोडं उरी धरलं, बाहेर आली, आणि गाठ सोडली. वेखंडाचा आणि फुटाण्यांचा वास ओसरीभर पसरला. पानापानावर पुडीच्या घड्या होत्या, पण अक्षर न् अक्षर शाबूत होतं! नानाजी खुर्चीत ताठ झाले.

"दोनशे तेरा हायेत, बाई," मैनाबाई खालच्या मानेनं म्हणाली. "एकशे सतरा तेवढं नाई भेटलं. त्याच्यावाचून चालन का?"

प्रेरणानं पुढची-मागची पानं चाळली. तिचा आवाज बारीक झाला. "आजी... रेडिओ जुळवायचा तक्ता त्याच पानावर आहे."

नवऱ्याकडं वळून मैनाबाईनं हात जोडले. "माफ करा मले... एक पान कमी पडलं."

"माय!!"

उंबऱ्यात कपिल उभा होता. दुकानातून जेवायला आला आणि तिथंच खिळला होता. तो धावत आला आणि बापाच्या पायांवर कोसळला. "बाबा, मायनं नाई देल्ले! म्या देल्ले, म्या! तिनं माह्यासाठी नऊ वर्सं तुमचा अबोला सोसला, अन् मी भेकड चूप बसलो..."

"काहून बोलला रे!" मैनाबाई कळवळली. "यायले दुखनं हाये!"

सुरभीनं पदर तोंडावर दाबला. नानाजी उठले. मुलाला ओलांडून, कुणाकडं न बघता, आत गेले. आत कपाट वाजलं. नानाजी आले ते वायुदलातली जुनी निळी टोपी हातात घेऊन. त्यांनी टोपीचं अस्तर उसवलं, आणि चार घड्या घातलेला एक कागद काढला.

पेटीच्या तळाच्या पत्र्याखाली अडकलेलं एकच पान त्यांना मागाहून सापडलं होतं... एकशे सतरावं! नऊ वर्षं ते त्यांनी त्या अस्तरात जपलं होतं.

"हे घे," ते म्हणाले. मग कंठ फुटला. "घे... मैना!"

नऊ वर्षांनी कानावर पडलेलं आपलंच नाव! मैनाबाईनं पान घेतलं, कपाळाला लावलं, आणि आता मात्र बांध फुटला.

"यंत्र एका पानासाठी मुकं राह्यते म्हनलतं म्या," नानाजी रडत म्हणाले. "अन् थे पान माह्याच टोपीत होतं व! एक बार इचारलं असतं मले..."

"तुमी बोलत कोठी होते, मी इचारू?"

रडता रडता म्हातारा खो खो हसला! खाली वाकून त्यांनी कपिलला दंडाला धरून उठवलं. "ऊठ बे. तुह्या मायनं तुले नऊ वर्सांआधीच माफ केलं. तिच्यावर मी कोन?"

सुरभी सासूच्या पायांशी बसली होती. "आई, मी तुमाले कागदवेची म्हनत गेली..."

"तसं तं खरंच होतं नं व!" डोळे पुसत मैनाबाई म्हणाली. "ऊठ आता, भाकरी टाक. पाव्हनी उपाशी हाये."

दोन महिन्यांनी सगळं घर त्या विमानापाशी जमलं. एकशे सतराव्या पानावरच्या तक्त्याबरहुकूम नानाजींनी स्वतः रेडिओ जुळवला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला दुसरा संच घेऊन प्रेरणा बसली होती. बटण दाबलं, खरखर उठली, आणि नानाजींनी हेडफोन कानावरून काढून बायकोच्या डोईवरच्या पदरावर बसवला.

"तूच बोल. पह्यला मान तुहा."

तिनं माईक ओठांशी धरला. "रामकृष्णहरी... आवाज येऊन राह्यला का वो?"

क्षणभर नुसती खरखर... आणि मग, जणू आभाळातूनच, लख्ख आवाज आला, "रामकृष्णहरी, आजी! एकदम स्पष्ट!"

अहो, काय टाळ्या पडल्या! आता वाजवा, तुम्हीही वाजवा!

त्या पुस्तकाच्या स्कॅन केलेल्या प्रती आज तीन गावी सुरक्षित आहेत, आणि मूळ पानं लाल फडक्यासकट काचेच्या पेटीत. घड्या सरळ करायच्या का, असं विचारलं तेव्हा नानाजी म्हणाले, "राहू द्या. थ्या घड्या माह्या मैनाच्या पायपिटीच्या हायेत." मैनाबाईनं मात्र त्या पेटीवर स्वतःचं नाव लावू दिलं नाही. तिनं तिसऱ्याच बाईचं नाव सांगितलं, कारण ती बाई रेडिओचा आवाज ऐकायला राहिली नव्हती, तो वाजण्याच्या आदल्याच थंडीत गेली होती.

म्हणून एकच मागणं आहे. उद्या कुठं प्रसादाची पुडी हाती आली, तर कागद फेकण्याआधी एकदा उलगडून बघा, आणि देवीची पाठ उघडी करून परक्या संसाराचं पान सोडवून देणाऱ्या त्या तांड्यावरच्या रुपीबाईला तेवढं आठवा.