झालर वर राहिली

मावशीने आयुष्यभर कळसूत्री बाहुल्या नाचवल्या, पण आपला खेळ समोरून एकदाही पाहिला नाही. कसा पाहणार? खेळ चालू असताना ती कायम मागच्या फळीवर, झालरीच्या आड. आमच्या धंद्यात हात दिसला की खेळ संपला. "अर्धं आपण करायचं, उरलेलं बघणारा करतो," ती म्हणायची. "पण हात दिसला, की तो हाताकडेच बघत बसतो."

आता तिचे हात थरथरू लागले होते. ती थरथर दोऱ्यातून खाली उतरते आणि बाहुलीला हुडहुडी भरते. म्हणून त्या दुपारी, वाचनालयाच्या हॉलमध्ये, नाकाडी नावाच्या बाहुलीला मी नाचवणार होते आणि मावशी पहिल्या रांगेत बसणार होती.

"जमली तर नाकाडी तुझी," ती म्हणाली. "नाही जमली तर पेटीत. वाईट वाटून घ्यायचं नाही."

म्हणे वाईट वाटून घ्यायचं नाही. त्या बाहुलीपायी मी चांगल्या नोकरीवर पाणी सोडलं होतं.

नाकाडी काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने कोरलेली. ते माझ्या जन्माआधीच गेले. मला ते माहीत आहेत ते मावशीच्या ओरडण्यातून. दोरा मेण लावलेला, ताठ असतो. तो मी बोटाला गुंडाळला की ती म्हणायची, "काकांसारखे करंगळीला वेढे देऊ नकोस. बोट कापेल."

खेळ साधा आहे. नाकाडीचा चष्मा हरवतो आणि तो असतो तिच्याच कपाळावर. काखेत कळसा नि गावाला वळसा. मुलं ओरडून ओरडून घसा बसवून घेतात, ही आपली खुर्चीखाली आणि कपाटामागे शोधतेय. शेवटी उजवा हात कपाळाला लागतो, चष्मा नाकावर घसरतो आणि समोर बसलेली माणसं तिला पहिल्यांदा दिसतात. सगळा खेळ त्या एका हातासाठी.

हॉलमधले हूक नेहमीपेक्षा उंच होते. घाईत मी झालर तशीच अडकवली.

पहिल्याच वाक्याला मुलं खिदळली. मोठी माणसंही सुटली नाहीत. मावशीचं हसणं मला वरपर्यंत ऐकू येत होतं, कारण हसता हसता ती शेवटी खोकते. इतका आनंद मला कुठल्याच पगाराने दिला नव्हता.

"कपाळावर आहे! कपाळावर!" हॉल एका सुरात ओरडू लागला.

सगळे दोरे एका लाकडी फुलीला बांधलेले असतात. मी उजव्या हाताचा दोरा ओढायला गेले.

दोरा नव्हता. खिळ्यावरून निसटला होता. मी अंधारात चाचपलं, पण हाताला काहीच लागेना. पेटी, एवढंच मनात आलं.

नाकाडीने उजवा हात उचलला.

सावकाश. नेहमीपेक्षाही सावकाश. चष्मा नाकावर घसरला.

तिची मान तेवढी मी वर केली.

टाळ्या थांबेनात. हात उचलला गेलाच नसणार, मी स्वतःला समजावलं. मुलांनी तो मनानेच उचलला. उरलेलं बघणारा करतो. पण त्या क्षणी बघणारी तर मीही होते.

मावशी मागे आली तेव्हा हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने मला घट्ट धरलं.

"घेऊन जा तुझी नाकाडी. समोरून एवढी देखणी दिसते होय ती? मला कधी कुणी बोललं नाही."

मलाही रडू आलं.

"झालर मात्र वर राहिली गं," ती म्हणाली. "हात दिसत होते."

मी जीभ चावली. "माझे?"

"चारही."

बाहेर मुलं अजून नाकाडीची नक्कल करत होती.

"मावशी, वर मी एकटीच होते."

"हो ना." तिने चष्मा काढून रुमालाने पुसला. चेहरा एवढा खुललेला मी कधी पाहिला नव्हता. "खोड काही जात नाही मेली," ती स्वतःशीच म्हणाली आणि कौतुक ऐकायला मुलांमध्ये गेली.

मी फळीवर चढले. निसटलेला दोरा उजवीकडच्या कठड्यावर पडला होता. टोकाला वेढे होते, मेणामुळे तसेच गोल राहिलेले. मी त्यांत करंगळी घातली.

मला ते सैल होत होते.